पांढऱ्या गुडघ्याची जीन

ही गोष्ट खरी आहे.

कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. जिच्यावर गुदरली ती माझी सख्खी काकू. सगळी गल्ली तिला सिंधूताई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. आता तिचं वय झालंय, पण डोकं शाबूत आहे. मी तिला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. एका शब्दाचा फरक पडला नाही.

साल १९७७. होळी होऊन गेली होती. बुलढाणा, एस.टी. स्टँडच्या मागची गल्ली.

आणि वेळ... भर दुपारची.

भूत रात्रीच येतं असं वाटत असेल, तर पुढचं नीट वाचा.

काका अर्जुनराव डेपोत मेकॅनिक होते. घरात मूलबाळ नव्हतं. तिसरा माणूस म्हणजे सिंधूताईचा धाकटा भाऊ, इंद्रभान. जानेफळचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला न्हाऊ-माखू घातलं ते हिनंच. ती लग्न होऊन बुलढाण्याला आली, आणि पुढे कॉलेजसाठी तोही तिच्याचकडे आला.

इंद्रभानला एकच वेड होतं. जीनच्या प्यांटी.

तेव्हा बुलढाण्यात अशा पोरांचे दोन अड्डे होते. कोर्टासमोरच्या टपरीवर जीनवाले बसायचे. शिवणीला आतून लाल किनार आहे का, खिशाच्या तांब्याच्या टिकल्या अस्सल आहेत का, यावर त्यांचा चहा थंड व्हायचा. विटेनं घासून प्यांट पांढरी करणाऱ्याला ते हसायचे. रंग अंगावर उडाला पाहिजे. दुसरे होते बूटवाले. विलायती कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे बूट. घालायचे कमी, पुसायचे जास्त. आत कागद कोंबायचे, रबराला खडू लावायचा. जीनवाल्याला चांगले बूट हवे असायचे आणि बूटवाल्याला चांगली प्यांट, म्हणून भांडणं आणि अदलाबदल रोजचीच.

दुकानात हे काही मिळत नव्हतं. मुंबईहून जुन्या विलायती कपड्यांचे गठ्ठे यायचे. बाजाराच्या दिवशी जमिनीवर ओतले जायचे आणि ही पोरं त्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची.

जानेफळला वडिलांना कुणीतरी सांगितलं, इंद्रभान जीनच्या मागे लागलाय. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. म्हातारा खूश झाला, पोरगा कामाला लागला म्हणून. सिंधूताई हे सांगताना अजून हसते.

त्यानंतर मात्र हसत नाही.

अशाच एका बाजारातून तो ती प्यांट घेऊन आला.

गडद निळी. उजवा गुडघा नव्यासारखा. आणि डावा... कापसासारखा पांढरा.

"पाह्य ताई," इंद्रभान म्हणाला, "हे कोणी घासून केलेलं नाई. जीन म्हंजे माणसाचा साचा असते. हा इथी वाकायचा. ह्या खिशात कायतरी ठेवायचा. याच्यात अख्खा माणूस हाय."

"मंग त्या माणसानं टाकली काऊन?" सिंधूताईनं विचारलं.

त्यानं प्यांट उलटी केली आणि शिवणीची लाल किनार दाखवायला लागला.

मग काही दिवसांनी कारभारी आला. हा त्याचा दोस्त, बूटवाल्यांमधला सगळ्यात चिवट. स्वतःच्या संग्रहातला बूट कुणाला हातात घेऊ द्यायचा नाही. त्या दिवशी मात्र काळ्या कॅनव्हासचा एक जोड हातभर लांब धरून दारात उभा राहिला. मलकापूरला स्टेशनबाहेरच्या गठ्ठ्यात सापडला होता म्हणे.

डाव्या बुटाचं रबर पुढून पार झिजलेलं.

"घे बे. तुले ठेव."

"फुकट देऊन राह्यला? काऊन?"

"मले नाई होत," कारभारी म्हणाला. घरात पाऊलही न टाकता तो निघून गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं ते इंद्रभानकडे नाही. बुटांकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभाननं ती प्यांट आणि ते बूट पहिल्यांदा एकत्र घातले.

सिंधूताई ज्वारी निवडत बसली होती. तिनं सहज वर पाहिलं... आणि सूप हातातच राहिलं.

प्यांटीच्या डाव्या पायाला खाली एक तांबूस डाग होता. जुना. बुटावरही एक डाग होता.

तो एकच डाग होता.

प्यांटीवर सुरू होऊन बुटावर उतरलेला. रेष जराही तुटत नव्हती.

प्यांट मिळाली बुलढाण्याला. बूट मिळाले मलकापूरला. आणि दोन्ही एकाच माणसाच्या अंगावरचे.

ती बोलायला तोंड उघडेपर्यंत तो बाहेर पडला होता. फरशीवरून जातानाचा आवाज तिनं ऐकला.

चट्... घर्रर्र.

चट्... घर्रर्र.

एक पाऊल टाकायचं. दुसरं ओढायचं.

संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं विचारलं, "डावा पाय काऊन ओढून राह्यला रे? लागलं काय?"

"कोण, मी?" इंद्रभान खरंच चकित झाला. त्यानं चालून दाखवलं. पाय ओढतच चालून दाखवलं. आणि म्हणाला, "बरोबर तं हाय."

त्या दिवसापासून घरातून एकेक गोष्ट कमी होत गेली.

आधी त्याची शीळ गेली. आंघोळ करताना तो कायम शीळ घालायचा. बंद झाली.

मग गल्लीतलं कुत्रं त्याच्या पायाशी यायचं थांबलं.

मग त्यानं तिला ताई म्हणणं सोडलं. काहीच म्हणेना. समोर येऊन उभा राहायचा, ताट दिलं की जेवायचा.

आणि रोज दुपारी नाहीसा व्हायचा. कॉलेजात नाही, टपरीवर नाही. परत यायचा तो प्यांटीला बाभळीचे काटे आणि अंगभर धूळ घेऊन.

एका दुपारी तापामुळे तो घरीच झोपला होता. बाजेवर, लुंगी नेसून. बूट खाली, प्यांट दोरीवर. सिंधूताई त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. अंगणात ऊन रटरटत होतं.

तेवढ्यात...

चट्... घर्रर्र.

अंगणात.

तिनं भावाकडे पाहिलं. त्याचे उघडे पाय तिच्यासमोर होते.

चट्... घर्रर्र.

आवाज दारापर्यंत आला. थांबला.

तिनं बाजेखाली पाहिलं. बूट नव्हते.

ती दाराकडे गेली नाही. भावाचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. अर्जुनराव डेपोतून घरी आले तेव्हा ती तशीच होती. बूट दाराबाहेर होते, टोकं घराकडे करून. अंगणातल्या धुळीत तळव्याची शंकरपाळ्यासारखी नक्षी उमटली होती. फक्त उजव्या पायाची. डाव्याची जागा नुसती लांब रेघ.

त्या रात्री ताप उतरला आणि इंद्रभान थोडा वेळ तिचा इंद्रभान झाला. त्यानं तिचा हात धरला.

"ताई, मले बांधून ठेव."

"काय होऊन राह्यलं तुले? सांग तं खरं."

"मी चालत नाई, ताई. मले चालवून राह्यलं कोणीतरी."

हे ऐकून तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. बूट संडासाच्या खड्ड्यात टाकले. सकाळी बाजेखाली होते, कोरडे. प्यांट उकळत्या पाण्यात घातली. पाणी तांबूस झालं. ओतलं, दुसरं घेतलं. तेही तांबूस. चैत्राच्या उन्हात दोरीवरचं सगळं तासाभरात वाळलं, प्यांटीचा डावा पाय मात्र दिवसभर निथळत राहिला. थेंब थेंब. अर्जुनरावांनी चूल पेटवून ती आत कोंबली, तर चूल विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली.

ती कारभारीच्या घरी गेली. तो दारातच रडायला लागला.

"ताई, मी रात्री ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचो. सकाळी दाराकडे असायचे. मले वाटलं, आपल्याजवळून गेले म्हंजे झालं. त्याच्यापाशी ती प्यांट हाय, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

"आता काय करू ते सांग."

"मले नाई माहीत, ताई."

कुणालाच माहीत नव्हतं. तिनं भावाला खोलीत कोंडलं, बाहेरून कुलूप लावलं आणि दारापुढे स्वतः बसली. दुपारी डोळ्याला डोळा लागला असेल नसेल.

जागी झाली. कुलूप जागेवर होतं.

खोली रिकामी होती. प्यांटही नव्हती, बूटही नव्हते.

अर्जुनराव डेपोतून सायकल घेऊन आले. एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, तुमचा साळा मलकापूर रोडनं चाललाय, राजूर घाटाकडे. हाका मारल्या, वळून पाहत नाही. सिंधूताई अनवाणीच कॅरिअरवर बसली.

घाटाच्या तोंडाशी रस्ता वळतो, तिथं दगडी कठडा आहे. इंद्रभान कठड्याला लागून उभा होता. खाली दरी. वर सूर्य. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"इंद्रभान..."

तो वळला नाही. डावा पाय ओढत त्यानं कठड्यावर गुडघा टेकला. पांढरा गुडघा.

अर्जुनरावांनी त्याला मागून मिठी घातली. डेपोत इंजिनं उचलणारा माणूस, पण त्याला जागचा हलवता येईना. सिंधूताई खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. गाठी दगडासारख्या झालेल्या. नखं तुटली. मग तिनं खाली वाकून नाडी दातात धरली. तापलेल्या डांबरावर गुडघे भाजत होते, तोंडात धूळ आणि गंजाची चव. ती चावत राहिली. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

नाडी तुटली.

बूट निघाले. आणि प्यांट... इतके दिवस त्याला चपखल बसणारी ती प्यांट एकदम ढिली झाली, खाली गळून पडली. जणू दुसऱ्याच कुणाच्या कमरेची होती. अर्जुनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्याभोवती गुंडाळला.

तेव्हा इंद्रभान वळला. त्यानं सिंधूताईकडे पाहिलं आणि तो बोलला.

ती भाषा मराठी नव्हती. हिंदीही नाही. इंद्रभानचं कॉलेजातलं इंग्रजी तिनं घरात ऐकलेलं होतं, हे तसंही नव्हतं. एकही शब्द तिला कळला नाही.

पण तिचं घर स्टँडच्या मागे. परगावचा, चुकलेला माणूस दारात येऊन कसा विचारतो, हे तिनं रोज पाहिलेलं. तोंड तसंच होतं. आवाज तसाच होता.

तो वाट विचारत होता.

सिंधूताईनं हात वर केला आणि उताराकडे दाखवलं.

"तिकडे जा," ती म्हणाली. "तिकडे हाय तुह्यं घर. जाय आता."

इंद्रभान तिच्या अंगावर कोसळला.

तिनं प्यांट आणि बूट कठड्यावर ठेवले. मग दोघांनी मिळून त्याला सायकलवर टाकलं आणि ओढत गावाकडे निघाले. वळणाआधी तिनं मागं पाहिलं.

कठड्यावर काहीच नव्हतं.

रस्ताही रिकामा होता. पण उतारावरून, खाली खाली जाणारा आवाज...

चट्... घर्रर्र.

चट्... घर्रर्र.

अर्जुनरावांनीही ऐकला तो. मरेपर्यंत त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत.

इंद्रभान वाचला. पुढे संग्रामपूरला शाळेत लागला, लग्न झालं, मुलं झाली. त्याला त्या महिन्यातलं काहीही आठवत नाही. पाय ठणठणीत आहे.

मग सिंधूताई अजून दुपारची का झोपत नाही?

मी तिला हे विचारलं.

"त्याले घरी जाचं होतं," ती म्हणाली. "मले माहा भाऊ पाह्यजे होता. म्हून मी हात केला. जिकडं उतार दिसला, तिकडं. त्यानं माह्यावर इस्वास ठेवला आणि गेला. आता तिकडं त्याचं घर नसंन... तं तो कोणाच्या दारात जाऊन उभा राह्यला असंन?"



घाट उतरलं की पुढे मोताळा लागतं. माझं घर मोताळ्याला आहे. रस्त्याला लागूनच.