शेगडीखालचं भोक

"एकशे चौदा," मिस्टर बॅलंटाइन म्हणाले आणि बाही कोपरापर्यंत सारून त्यांनी आपला हात इश्बेलच्या नाकासमोर धरला. "एका हातावर एकशे चौदा चावे. माझ्या बायकोने बसून मोजलेत. आणि तुझी आई म्हणाली होती, या जाळ्या बसवल्यावर एक चिलट आत आलं तर सांगा!"

हात खरोखरच मनगटापासून लालबुंद झाला होता. आईला बोल लावून उपयोग नव्हता, कारण त्या जाळ्या आईने बसवलेल्याच नव्हत्या. इश्बेलने बसवल्या होत्या.

दर उन्हाळ्यात तिची आई, मोर्ना, लॉख आर्डेल या सरोवराच्या काठावरच्या तळावर मुक्काम ठोकायची. तळाच्या फाटकाशी तिची व्हॅन, व्हॅनमध्ये शिवणयंत्र आणि जाळीचे गुंडाळे. लोक शहरातून कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरची छोटी घरं, घेऊन यायचे, पहिल्या संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून बसायचे, आणि दुसऱ्या सकाळी खाजवत खाजवत आईच्या दारात उभे राहायचे. साधी डासांची जाळी इथे काही कामाची नाही. इथली चिलटं टाचणीच्या टोकाएवढी, डासांच्या जाळीतून ती उघड्या फाटकातून गेल्यासारखी आत जातात. आईची जाळी इतकी बारीक की तिच्यातून पलीकडचा डोंगर धुक्यातल्यासारखा दिसे.

काम झालं की आई खिशातून बसचं एक जुनं तिकीट काढायची आणि जाळीच्या कडेकडेने ते आत सरकवून पाहायची. तिकीट कुठेही शिरलं नाही, तरच काम पास. यंदा इश्बेलला बारा वर्षं पूर्ण झाली म्हणून आईने पहिल्यांदाच एक अख्खी गाडी तिच्यावर सोपवली होती. सहा खिडक्या आणि एक दार. सगळीकडे तिकीट फिरलं होतं आणि कुठेही शिरलं नव्हतं.

"जाळ्या ठीक आहेत, मी स्वतः बघितल्यात," आई दुपारी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "तरी चिलटं येतायत म्हणजे ती कुठून तरी येतायत. कुठून ते शोधून काढ. गाडी तुझी आहे."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर ते बॅलंटाइन तळभर सांगत फिरतील की मोर्नाच्या पोरीला साधी जाळी लावता येत नाही. पुढच्या वर्षी मग तू फक्त दोरे ओव."

इश्बेलने धाकट्या भावाला, रुअरीला, हाक मारली. तळाचे व्यवस्थापक डूगल यांची पुतणी कर्स्टी सुट्टीत तिथेच असायची, तीही आली. तिघं बॅलंटाइनांच्या गाडीपाशी पोचतात न पोचतात तोच पिकल त्यांच्यावर धावून आला. पिकल म्हणजे बॅलंटाइनांचा टेरियर. आकार बुटाएवढा, आवाज घोड्याएवढा. कुणी गाडीच्या वीस पावलांत आलं की तो भुंकायचा, मग ते ओळखीचं असो की अनोळखी.

मिसेस बॅलंटाइन, म्हणजे ग्रेटा, मात्र गोड होत्या. रोज सकाळी सहाला त्या लॉखच्या बर्फगार पाण्यात पोहून यायच्या आणि वर हसायच्या. त्यांनी मुलांना ओटकेक नावाची बिस्किटं आणि चीज दिलं.

"तुम्हाला कुठे कुठे चावलीत?" कर्स्टीने विचारलं.

"पाय. घोटे तर विचारू नकोस."

"आणि मिस्टर बॅलंटाइनना एकाच हाताला?"

"डावा. झोपेत तो हात त्यांचा बर्थवरून खाली लोंबतो."

इश्बेल खाता खाता थांबली. पाय आणि लोंबता हात. तोंडाला, मानेला काहीच नाही. "म्हणजे ती खिडकीतून येतच नाहीत," ती म्हणाली. "खालून येतात!"

पुढच्या मिनिटाला ती गाडीत पोटावर पडलेली होती. तिने गाल पाण्याने ओला केला आणि जमिनीला लावून इंच इंच पुढे सरकली. शेगडीखालच्या कपाटापाशी गालाला गारवा लागला. तिने भांडी बाहेर काढली. मागे तळाला मुठीएवढं भोक होतं, वर नुसती जाड तारेची जाळी. भोकातून खालचं गवत दिसत होतं.

"ही बघा तुमच्या चिलटांची वाट!" ती ओरडली. आवाजातला आनंद काही तिला लपवता आला नाही.

मिस्टर बॅलंटाइन वाकले. "मग बुजव की लगेच."

"नाही, नाही, हे बुजवायचं नसतं. गॅस गळला तर इथूनच खाली जातो. शेगडीला हवापण इथूनच मिळते, इथून आणि वरच्या छतातल्या झडपेतून. सकाळी आम्ही याच्यावर वेगळी चौकट करून देतो."

"सकाळी? म्हणजे आजची रात्र परत मेजवानी?"

"एकच रात्र. पण बुजवू नका हां."

"बरं बरं," मिस्टर बॅलंटाइन म्हणाले. चाळीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवलेला माणूस बारा वर्षांच्या मुलीला जसं 'बरं बरं' म्हणतो, तसंच ते होतं. इश्बेलच्या तेव्हा ते लक्षात आलं नाही. ती आनंदात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पार थांबला होता. बुरबुर पाऊस, पाणी स्तब्ध, आणि हवेत चिलटांचे करडे ढग. आई चौकटीसाठी तार आणायला गावात गेली होती. तिघं मुलं डोक्यावरून जाळीच्या टोप्या ओढून भोकाचं माप घ्यायला निघाली.

"एक मिनिट," गाडीपासून दहा पावलांवर इश्बेल थांबली. "पिकल कुठाय?"

"असेल आत."

"मग भुंकत का नाहीये?"

गाडीच्या सगळ्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. दोरीवर रोज वाळत असणारा मिसेस बॅलंटाइनचा पोहण्याचा पोशाख नव्हता. घड्याळात पावणेनऊ झाले होते, आणि त्या आज पोहायला गेल्याच नव्हत्या. इश्बेल गुडघ्यावर बसली आणि तिने गाडीखाली डोकं घातलं. भोकात निळा लोकरी मोजा कोंबलेला होता आणि त्याच्यावर चंदेरी चिकटपट्टी फुलीसारखी चिकटवली होती. ती उठली आणि चाकावर पाय देऊन तिने छतावर पाहिलं. झडपेवरही तीच चंदेरी पट्टी.

काचेच्या एका कोपऱ्यातून वाफेचा ओघळ उतरला होता. त्या ओघळातून तिला शेगडी दिसली. दोन्ही बर्नर पेटलेले होते, वर भांडं नव्हतं. ऊब यावी म्हणून ठेवले असणार. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती.

भोक मीच दाखवलं त्यांना, इश्बेलला वाटलं. मीच.

तिने दारावर मुठी आपटल्या. "मिस्टर बॅलंटाइन! दार उघडा! शेगडी बंद करा!"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. शब्द चिखलातून पाय काढल्यासारखे येत होते. "दार... उघडायचं नाही. पहिल्यांदा... आत एकपण चिलट नाहीये. ग्रेटा झोपलीय. माझं डोकं... जा तू."

"गाडीत विषारी वायू झालाय! कार्बन मोनॉक्साइड!"

"उगाच... काहीतरी. बाहेर बघ ती... किती आहेत."

दार आतून कुलूपबंद होतं. इश्बेलने गाडीखाली हात घालून पट्टी ओरबाडली आणि मोजा खेचून काढला, पण एवढ्याशा भोकाने काय होणार? "कर्स्टी, पळ! काकांना सांग, ॲम्ब्युलन्स बोलव. काच फोडायला काहीतरी घेऊन ये!" इथे किनाऱ्यावर फोनला सिग्नल नव्हता, तळाच्या कचेरीतला फोन तेवढा चालायचा. कर्स्टी वाऱ्यासारखी सुटली. पण कचेरी अर्धा मैल लांब, चढावर.

"तोवर काय करायचं?" रुअरीने विचारलं. "ते उघडणारच नाहीत, इश. चिलटांच्या भीतीने तर नाहीच."

"मग कशासाठी उघडतील?"

दोघांनी एकाच वेळी पाण्याकडे पाहिलं. काठावर मिस्टर बॅलंटाइनची मासेमारीची काठी आधाराला टेकवून उभी होती. तिच्या शेंड्याला छोटी घंटा बांधलेली. तीन दिवस ते त्या घंटेकडे कान लावून बसले होते, आणि तीन दिवसांत ती एकदाही वाजली नव्हती.

रुअरी गोट्यांवरून घसरत धावला. त्याने काठीची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि हिसके द्यायला सुरुवात केली. घंटा वेड्यासारखी वाजू लागली.

"मासा!" रुअरी घसा फाडून ओरडला. "मिस्टर बॅलंटाइन, मोठाय! काठी ओढून नेतोय!"

गाडीत काहीतरी धडपडलं. भांडं पडलं. इश्बेल श्वास रोखून दाराच्या मुठीकडे बघत राहिली. मूठ हलली, थांबली, परत हलली. मग कुलूप खटकन उघडलं आणि मिस्टर बॅलंटाइन एका पायात मोजा, एक पाय अनवाणी, असे बाहेर आले. पाच पावलं चालले, आणि गुडघे मोडून ओल्या गवतात बसले.

इश्बेलने छातीभर हवा घेतली आणि आत उडी मारली. आधी दोन्ही बर्नर. मग सिलिंडरचा नळ. मागची खिडकी उघडायची तर जाळी आड येत होती. तिनेच बसवलेली, तिनेच चार वेळा उसवून शिवलेली, तिकीटसुद्धा न शिरणारी जाळी. तिने बोटं आत घुसवायचा प्रयत्न केला, पण कडा कुठे सुटेचना. आपल्याच चांगल्या कामाचा इतका राग तिला कधीच आला नव्हता. तिने ओट्यावरचा चाकू उचलला आणि जाळी वरून खालपर्यंत फाडली. एक खिडकी, दुसरी, तिसरी. छातीतली हवा संपली तशी ती दारातून डोकं बाहेर काढून श्वास घेऊन आली आणि परत शिरली.

रुअरी पिकलला छातीशी धरून बाहेर पळाला. मिसेस बॅलंटाइनना उचलणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी खालच्या चादरीसकट त्यांना ओढलं. इश्बेलची टोपी केव्हाच पडली होती. चिलटं तिच्या कपाळावर, कानांत, पापण्यांवर बसत होती आणि झटकायला हात मोकळा नव्हता. पायरीवरून उतरवताना मिसेस बॅलंटाइनचं डोकं आपटू नये म्हणून ती स्वतः खाली बसली आणि त्यांना तिने मांडीवर घेतलं.

"उठा ना," ती म्हणत होती. "उठा ना. पोहायला जायचंय ना तुम्हाला."

मिसेस बॅलंटाइनच्या पापण्या हलल्या. "आज," त्या पुटपुटल्या, "पाणी फार गार असेल ग." इश्बेलला रडू कोसळलं.

हातोडी घेतलेले डूगलकाका आणि कर्स्टी उतारावरून धापा टाकत आले तेव्हा पिकल गवतात पडून दोनदा शिंकला, लटपटत उभा राहिला आणि इश्बेलकडे बघून भुंकला. त्या भुंकण्यावर तिघंही रडता रडता हसली.

ॲम्ब्युलन्स दोघांना घेऊन गेल्यावर डूगलकाकांनी गाडी तपासली. विषारी वायूची सूचना देणारं यंत्र एका खणात उलटं पडलेलं होतं, बॅटरीशिवाय. बॅटऱ्या मिस्टर बॅलंटाइनच्या रेडिओत होत्या. काकांनी ते यंत्र उचलून हातात घेतलं. "अजून अर्धा तास," ते म्हणाले, "आणि मला इथे हातोडी आणून काही उपयोग झाला नसता. शाबास पोरांनो."

आई आली. तिने फाटलेल्या जाळ्यांच्या लोंबत्या चिंध्या पाहिल्या, मग इश्बेलचं सुजलेलं तोंड.

"भोक मीच दाखवलं त्यांना, आई. मी नसतं दाखवलं तर—"

"दाखवलंस आणि बुजवू नका म्हणालीस. दोन्ही तूच केलंस ना? त्यातलं अर्धंच त्यांनी ऐकलं." आईने तिला जवळ ओढलं. आईच्या अंगाला शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता. "मी असते तर मला ती घंटा सुचली नसती."

"ती रुअरीला सुचली."

"दोघांना," रुअरीने मान ताठ करून दुरुस्ती केली.

दोन दिवसांनी बॅलंटाइन पतिपत्नी परत आले. मिस्टर बॅलंटाइन सरळ कचेरीसमोर गेले, जिथे सकाळी सगळा तळ पाव-दुधाला जमतो, आणि व्यायामाच्या तासाला बोलावं तशा आवाजात बोलले. "मी मूर्खपणा केला. एका मुलीने मला सांगितलं होतं, मी 'बरं बरं' म्हणालो. तुमच्यापैकी कुणी गाडीतलं हवेचं भोक बुजवलं असेल, तर आत्ता जाऊन उघडा. मी थांबतो." तीन माणसं मुकाट्याने रांगेतून निघून गेली.

मग ते इश्बेलकडे वळले. "तुला किती चावली?"

"कर्स्टीने तीनशेपर्यंत मोजली. मग कंटाळली."

"म्हणजे माझ्या एकशे चौदाला आता कुणी विचारणार नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

दिवसभर इश्बेलने सहाही जाळ्या नव्याने बसवल्या. या वेळी तिने प्रत्येकीला खालून एक लाल फीत शिवली. ओढली की अख्खी जाळी एका झटक्यात निघून हातात येईल अशी. भोकाला तिने गाडीखालून जाळीचा एक डबा केला, भोकाच्या चौपट मोठा, म्हणजे जाळी बारीक असूनही हवा कमी पडू नये. मिस्टर बॅलंटाइन तिच्या शेजारी ओल्या गवतात उताणे पडून विजेरी धरून होते, आणि पिकल दोघांवर भुंकत होता.

संध्याकाळी आई आली. नेहमीप्रमाणे तिने खिशातून ते जुनं तिकीट काढलं. इश्बेल हात पुसत बाजूला सरकली. आईने एका लाल फितीला बोट लावलं, थोडी ओढून पाहिली, सोडून दिली. मग तिने तिकीट इश्बेलच्या हातात ठेवलं.

"फाटकापाशी हिरवी गाडी उभी आहे," ती म्हणाली. "जाळ्या मी बसवल्यात. जरा फिरवून बघून ये, कुठे शिरतंय का."