निरोगी यादीतली वैजयंती

शेलूबाजारात जीपमधून उतरता उतरता गोपीचंदच्या पेटीचा पट्टा तुटला, तो नेमका वैजयंतीच्या शिलाईच्या दुकानापुढे. नशीबही मुहूर्त पाहूनच खोडी काढतं! सांधेवाताच्या संशोधनासाठी तो गावोगाव रक्ताचे नमुने गोळा करायचा. आजाऱ्यांचे आणि तुलनेसाठी निरोग्यांचेही.

पट्टा शिवून होईतो वैजयंतीची आई पंचफुलाबाई म्हणाली, "हिचंबी घ्या रक्त. पोरगी धडधाकट हाये."

धादांत खोटं! सकाळी वैजयंतीची मूठ वळत नसे. पण निरोगी यादीत नाव आलं, की लग्नाचे पाहुणे शंका घेणार नाहीत, असा आईचा हिशोब. वैजयंतीनं मुकाट्यानं हात पुढे केला. सुई टोचताना तो म्हणाला, "दुखलं तर सांगा—"

"सांगून काय करसान?"

"हळू करीन..."

ती लाजली. मग दर आठवड्याला त्याचं काहीतरी उसवू लागलं. तीही वाट पाहू लागली.

महिन्याभरानं मात्र तो गंभीर चेहऱ्यानं आला. आई आत घरात होती.

"तुमच्या रक्तात सांधेवाताची सूज दिसून राह्यली. लपवलं काहून?"

वैजयंतीचे डोळे भरले. "आजीचे हात असेच वाकडे झाले. जन्माचंच लिहिलेलं, ते पुसाचं कसं?"

"लिहिलेलं सारं तसंच घडते असं नाही. त्या लिहिलेल्यावर, म्हंजे जीनवर, मागून बारीक खुणा बसतात. सूज आवरनाऱ्या जीनवर खूण बसली, तर तो गप राह्यते... सूज वाढत जाते. कोन्या खुणा पुसता येतीन, हेच शोधून राह्यलो आमी. पन हात वाचवाले आजबी औषध हाये. उशीर करू नका."

वैजयंतीनं हातातलं शिवण खाली ठेवलं. मग आईला हाक मारली. "आई, माह्यं नाव आजाऱ्यांत जाऊ दे. मले हात पाह्यजेत."

"अवं, मंग तुले करीन कोन?" पंचफुलाबाईला रडू फुटलं.

गोपीचंदनं वही मिटली. "ह्या घरचे नमुने आता दुसरा मानूस घेईन."

"काहून?" वैजयंतीचा जीव धसकला.

"घरच्या मानसाचं रक्त मले घेता येत नाही... तुमी हो म्हनलं, तर रविवारी माह्यी आई येईन."

वैजयंतीनं डोळे पुसले आणि शेजारच्या दुकानालाही ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, "येऊ द्या! पन ऊन चढल्यावर. सकाळी मले चहाचा कप धरता येत नाही."