जिना धुण्याची पाळी

“काढ ती पाटी तिथून,” नेटा म्हणाली. “आत्ताच्या आत्ता काढ, थेल्मा.”

“नाही काढत. काय करशील?”

“मेलेल्या बाईच्या दारावर टांगलीयस तू ती!”

“म्हणून तर टांगली. मेलेली बाई तक्रार करत नाही.” थेल्माने कागदाच्या पुड्यातला शेवटचा तळलेला बटाटा तोंडात टाकला आणि पुडा झटकला. तळाशी साचलेला काळा आंबट सॉस दगडी पायरीवर सांडला. तिने खाली पाहिलंही नाही.

“अगं, आत जाऊन भांडा ना,” चार पायऱ्या खालून बेरिल धापा टाकत म्हणाली. तिच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हाताने तिने भिंत धरली होती. खुब्याचा सांधा बदलून तिला सहाच आठवडे झाले होते.

ही गोष्ट एडिनबऱ्याची आणि ती सांगतो आर्ची. जुन्या गावातल्या भाड्याच्या घरांना धुतलेल्या चादरी पोचवण्याचं त्याचं काम. संध्याकाळी तळघरातली यंत्रं थांबली, की नव्याने लागलेल्या पोरी चहाचे मग घेऊन त्याच्याभोवती बसतात. आर्ची नको म्हणतो, मग सांगतोच. उडतउडत कानावर आलेलं काही नाही यात, नेटाने स्वतः सांगितलेलं. नेटा त्याची सख्खी चुलत बहीण. रात्र गुरुवारची, चौदा नोव्हेंबर.

तिघी इंग्लंडातल्या कार्लाइलच्या. एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या. निवृत्त झाल्यावर दोन रात्रींची सहल ठरली आणि ठरवली थेल्माने. बस सगळ्यात स्वस्त. घर सगळ्यात स्वस्त. दुपारचं खाणं घरून डब्यात. किल्ला बाहेरून बघायचा, कारण दगड दोन्ही बाजूंनी सारखेच असतात, असं तिचं म्हणणं. थेल्माच्या जिभेला हाड नव्हतं. पण ती नसती तर या दोघी कधी गावाबाहेर पडल्या नसत्या, हेही खरं.

घर तिसऱ्या मजल्यावर, गोल वळत जाणाऱ्या दगडी जिन्याच्या टोकाशी. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. सामान वर आणून देताना आर्चीने समोरच्या दाराकडे बोट दाखवलं होतं. पितळी पाटीवर नाव होतं, मिस मॉफट.

“इथे आता कुणी नाही,” तो म्हणाला होता. “बाकी शेजारी घरं भाड्याला देऊन निघून गेले. पाळी घ्यायला कुणी उरलं नाही, तर ही एकटी, काठी टेकत, सगळ्यांच्या वाटचा जिना धुवायची. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी रात्री पायऱ्यांवर बियर सांडली, तशीच ठेवली. सकाळी ती दूध आणायला निघाली...”

त्याने बॅगा खाली ठेवल्या. “पायाखाली बघून चाला,” एवढंच म्हणाला.

आणि त्या संध्याकाळी साडेसहाला तिघी फिरून आल्या तर यांच्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. जाड पुठ्ठा, कडा मऊ पडलेल्या, वर सुतळी. ‘जिना धुण्याची पाळी तुमची.’

कुणी लावली? नोव्हेंबरात अख्ख्या इमारतीत या तिघींशिवाय चिटपाखरू नव्हतं.

थेल्माला त्या पाटीचं महत्त्व कळण्यासारखं नव्हतं. नेटाने मात्र पुठ्ठा पाहताच ओळखला. तिचं बालपण ग्लासगोच्या अशाच एका जिन्यावर गेलेलं. पाटी दारी आली की आधी आपल्या मजल्याचा जिना धुवायचा आणि मगच ती पुढच्या दारावर लावायची. न धुता पाटी पुढे सरकवणं म्हणजे शेजारणीच्या तोंडावर थुंकणं. नेटाच्या आईने असल्या एका बाईशी अकरा वर्षं अबोला धरला. ती बाई मेली तेव्हा आईने खिडकीचा पडदासुद्धा बाजूला केला नाही.

“मी धुते,” आत आल्यावर नेटा म्हणाली. “आपल्या मजल्याच्या सोळाच पायऱ्या तर आहेत. सकाळी सहा-चाळीसची बस आहे. बेरिल त्या सॉसवरून अंधारात कशी उतरणार?”

“तू हात लावायचा नाहीस!” थेल्मा उसळली. “बावीस वर्षं लोकांच्या पोरांची खरकटी काढली. माझे हात बघ, सोडा लागून लागून सालं गेलीत. आयुष्यात दोन दिवस सुट्टी घेतली, त्यातही फडकं हातात घेऊ? आणि कुणासाठी? भिंतीसाठी?”

“बेरिलसाठी.”

“बेरिलला मी उतरवीन. पाठीवर घालून उतरवीन.”

“नको गं बाई,” बेरिल म्हणाली. “तुझ्या पाठीवरून पडण्यापेक्षा सॉसवरून पडलेलं बरं.”

एरवी यावर तिघी हसल्या असत्या. त्या रात्री कुणी हसलं नाही. थेल्माने कुलपातली चावी काढली, रिबिनीत ओवली आणि गळ्यात घालून गाऊनच्या आत सोडली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दाराच्या मुठीवर काहीतरी घासलं.

सुतळी.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थेल्मा उठली. तिने कुलूप काढून दार खसकन उघडलं. जिन्यावर पावलं नाहीत. दिवा बंद. आणि यांच्या मुठीला पाटी, हळूहळू झुलत असलेली.

“इथल्या लोकांना पाहुणे खुपतात,” थेल्मा मोठ्याने, जिन्याला ऐकू जाईल असं बोलली. “ऐकतेयस ना गं, जी कोण असशील ती? आम्ही भाडं भरलंय! तुझा जिना तूच धू!”

“थेल्मा, गप्प बस...”

पण ती समोरच्या दाराशी पोचली होती. टपाल टाकायच्या फटीचं पितळी झाकण उचलून तिने पाटी दुमडली आणि आत ढकलली.

अर्धी गेली. अडकली.

मग उरलेली अर्धी तिच्या बोटांतून निघून गेली.

झाकण आपटलं. आत पुठ्ठा खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. नेटा ऐकत राहिली. बेरिल ऐकत राहिली. आवाज आला नाही.

“आत गालिचा असेल,” थेल्मा म्हणाली. दार लावलं, दोनदा कुलूप फिरवलं, चावी पुन्हा गळ्यात. आणि आतल्या खोलीत जाऊन पाच मिनिटांत घोरायला लागली. तिचं घोरणं शाळेतल्या मोठ्या मिक्सरसारखं. बावीस वर्षांची ओळख होती त्या आवाजाशी.

“थेल्माला बाहेर पडू देऊ नका आणि कुणाला आत येऊ देऊ नका, असं माझी आई म्हणाली असती,” नेटा म्हणाली.

“तुझी आई फार बोलायची,” बेरिल पांघरुणातून म्हणाली. पण तिनेही दिवा चालूच ठेवला.

नेटाने खुर्ची ओढली, दाराला पाठ टेकवली आणि बसली. झोपली नाही. आर्ची हे शपथेवर सांगतो. डोळा लागला असता तर तिने तसं कबूल केलं असतं.

दोन वाजून दहा मिनिटं.

बादली टेकल्याचा आवाज. पाठीमागे. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ.

मग ब्रश. खर्र... खर्र... ओला ब्रश दगडावर.

नेटा पायऱ्या मोजायला लागली. पहिली पायरी वरची. मग खालची. वरून खाली... बरोबर. जिना तसाच धुतात.

खर्र... खर्र... थांबलं.

टक.

काठीचं टोक दगडावर. एकदाच. जसं कुणी म्हणावं, इथे राहिलं.

पुन्हा ब्रश. त्याच जागी. जोरात.

टक.

पुन्हा.

म्हणजे बाहेर दोघी होत्या. एक उभी. एक गुडघ्यांवर. गुडघ्यांवरच्या बाईला धाप लागली होती. मध्येच ती हुंदक्यासारखा आवाज काढायची. आणि टक. आणि ब्रश.

“नेटा,” बेरिल कुजबुजली. “थेल्मा...”

“आत आहे. घोरतेय. ऐक.”

दोघींनी ऐकलं. आतल्या खोलीतून घोरणं येत होतं. येत होतं. मग नेटाच्या लक्षात आलं...

घोरणं ब्रशबरोबर चाललं होतं.

ब्रश थांबला की थांबायचं. टक झालं की पुन्हा सुरू.

उठून आत बघायचं तिला सुचलं. पाय उचलले नाहीत. पाठ दाराला. दार गार. लाकडातून गारवा कण्यात.

सोळाव्या पायरीला चार वाजले. बादली ओतल्याचा आवाज. पाणी वळणावळणाने खाली गेलं. मग काही नाही. काहीच नाही.

आर्ची इथे थांबतो. एका पोरीने त्याला विचारलं होतं, “मग तिने आत जाऊन बघितलं का नाही?” आर्ची म्हणाला, “तू बघितलं असतंस?”

साडेपाचला थेल्मा स्वतःच बाहेर आली. गाऊनवर लांब कोट चढवलेला, तोंड सुजलेलं.

“गादी आहे का दगड?” ती करवादली. “सगळं अंग ठेचून निघालंय. कंबर धरलीय, खांदे धरलेत. तुझ्या त्या आर्चीला सांग, असली गादी कुत्र्यालासुद्धा घालू नको म्हणावं.”

“दार उघड,” नेटा म्हणाली.

थेल्माने गळ्यातून रिबीन ओढली. चावी होती. तिने दार उघडून जिन्याचा दिवा लावला.

सोळाच्या सोळा पायऱ्या धुतलेल्या. कोपऱ्याकोपऱ्यातून. सॉसचा ठिपका नाही, धूळ नाही, वर्षानुवर्षांचा काळपटपणासुद्धा खरवडून काढलेला. दगड कोरडे व्हायला आले होते. सोड्याचा उग्र वास नाकात शिरत होता. समोरच्या दारावर पाटी नव्हती. यांच्या दारावरही नव्हती.

बेरिलने एक हात भिंतीला लावला, काठी पहिल्या पायरीवर टेकवली आणि उतरायला लागली. नेटा तिच्यापुढे, उलटी, हात पसरून, आई तान्ह्या पोरापुढे चालते तशी. एक. दोन. पाय कुठे घसरला नाही. सोळावी पायरी संपून खालच्या मजल्यावर पाय टेकल्यावर बेरिलने सोडलेला उसासा वरपर्यंत ऐकू गेला.

“उतरले गं. उतरले.”

नेटा बॅगा घ्यायला पुन्हा वर आली, तर थेल्मा दारात कमरेवर हात ठेवून उभी.

“झालं समाधान?” ती म्हणाली. “रात्री माझ्या गळ्यातून चावी काढलीस, चोरासारखी जिना धुतलास, पुन्हा गळ्यात घातलीस. मला खाली बघायला लावायला! बेरिलसमोर!”

“मी खुर्चीवरून हलले नाही. बाहेर बादली टेकली, ब्रश चालला, ते आम्ही दोघींनी ऐकलं. बेरिलला विचार.”

“दोघी एकच तुम्ही. पहिल्यापासून. बावीस वर्षं मीच सगळं ठरवायचं, मीच वाईट व्हायचं. ही मोठी शहाणी, हिची आई शहाणी, हिचा जिना शहाणा! भूत म्हणे! बाई आली, बादली आणली, जिना धुतला! मग मला का नाही काही ऐकू आलं? मी तर रात्रभर बिछान्यातून हललेसुद्धा नाही. बोल ना. आता का दातखीळ बसली?”

नेटा खाली बघत होती. जिन्याचा दिवा थेल्माच्या पायांवर पडला होता. कोट पुढून उघडा होता. फिक्या निळ्या गाऊनवर दोन गोल डाग होते, करड्या पाण्याचे, अजून ओले, आणि प्रत्येक डागाच्या मधोमध कापड घासून घासून फाटलं होतं. फाटलेल्या जागी कातडी सोलली होती. तिथे दगडाची भुकटी चिकटलेली होती. एक थेंब नडगीवरून घरंगळत सपातेत गेला.

खालून बेरिलने हाक मारली, बस चुकेल म्हणून.

थेल्मा बोलतच होती.

नेटाने बॅग खाली ठेवली आणि हळू आवाजात, बावीस वर्षांत कधी बोलली नव्हती इतक्या हळू आवाजात म्हणाली, “थेल्मा, तुझे गुडघे बघ.”