होळीत जाळलेला रिमोट

मी बंकट. पाटोद्यात माझी रसवंती हाय.

लोकांच्या खोड्या काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळं माझ्यावर कुणी इश्वास ठिवत न्हाई. बरोबरच हाय म्हणा! पर ही माझी खोडी असती, तर मी छाती ठोकून सांगितलं असतं. खोडी काढून गप बसणारा माणूस न्हाई मी.

गेल्या साली, होळीच्या संध्याकाळी, आमच्याच गल्लीत घडलंय हे.

सुरुवात झाली पैजेपासून.

आमी गल्लीतले रसवंतीवर बसलोतो. शेजारचा अभिमन्यू एक जुना व्हिडिओ गेम घेऊन आला. कॅसेट लावून खेळायचा, आपल्या लहानपणीचा. वरून चकचकीत काळा रंग मारलेला.

"जपानी माल हाय," म्हणला. "संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून आणलाय. आता माझ्या नव्या टीव्हीवर चालवून दाखवतो."

"तुझ्या टीव्हीत ह्याची पिन तरी बसती का?"

"आतल्या वायरी काढून नव्या जोडणार. सम्दं बदलणार."

"तू? तुला बल्ब बदलता येईना बे!"

सगळे खिदळले. अभिमन्यू तापला.

"होळीपस्तोर चालला न्हाई, तर धुळवडीला मी गाढवावर बसतो. चालला तर तू बसायचं."

"चपलांची माळ घालून?"

"घालून!"

टाळी दिली. धुळवडीला जावयाला गाढवावर मिरवायची रीत आपल्या जिल्ह्यात हायच. आमी तीच उचलली.

मग सुरू झाला तमाशा.

स्क्रूच्या खाचा झिजलेल्या. एक उघडायला अख्खी दुपार. एक तार चिकटवावी, तर शेजारची सुटावी. सोल्डरिंग गन घसरली आन आतल्या सर्किटच्या पट्टीवरचं तांबंच उपसून निघालं. चित्र आलं, तर काळं-पांढरं. रंग आले, तर आडव्या रेघा. रेघा गेल्या, तर टीव्हीतून नुसतं घूंऽऽ.

मी रोज खिडकीतून गाढवासारखा वरडायचो. लई मजा.

समोरच पाशाभाईचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तो बिचारा म्हणायचा, "दे इकडं मियाँ, मी करून देतो."

पर अभिमन्यू त्याला हात लावू देत नव्हता. पाशा दारात आला की डब्यावर टावेल टाकायचा.

कावून टाकायचा... ते मला तवा कळलं न्हाई.

हितं जानकीबाईचं सांगावं लागतंय.

आमी शाळेत असताना पाशाच्या चाचानं सौदीवरून असाच गेम आणलता. पांढरा-तांबडा. गल्लीतली सगळी पोरं तितं पाळी लावून बसायची. एक दिवस गेम गायब झाला. कुणीतरी उठवलं, जानकीबाईच्या आदिनाथनं नेला.

चौकातल्या लिंबाला बांधून मारला त्याला. सगळ्या बाजारानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोरगं हिरीत सापडलं. गेम काय सापडला न्हाई.

जानकीबाईला तवापासून एकच पायजे. ज्यानं चोरी केली त्यानं तोंडानं म्हणावं, आदिनाथ चोर नव्हता. दर होळीला ती येती. आग पेटली की तोंडावर हात मारून बोंब ठोकती. "ज्यानं चोरलं, त्याच्या नावानंऽऽ..." नाव तिला ठावं न्हाई. म्हणून बोंब तितंच तुटती.

त्या संध्याकाळीबी तुटली.

तेवढ्यात अभिमन्यू हसत आला आन त्यानं आगीत कायतरी फेकलं. गेमचा दुसरा रिमोट. तार कापलेला.

"तार सडलीती. एकच पुरंल," म्हणला. "चल बंकट, गाढव बघून ठिव."

माझ्या डोळ्यांदेखत तो रिमोट जळाला. त्याचा वास अजून नाकात हाय.

त्याच्या घरात आमी चौघं. मी, पाशा, अभिमन्यू आन त्याची बायको रोहिणी.

त्यानं बटन दाबलं.

चित्र आलं. झ्याक. रंगीत. रेघ न्हाई, काय न्हाई. गेमचं टिंगटिंग गाणंबी वाजाय लागलं. अभिमन्यूनं मांडी थोपटली. मला चपलांची माळ दिसाय लागली.

आन मग... गाणं थांबलं.

चित्र हालत होतं, पर आवाज न्हाई. भाईर होळीवर पोरं वरडत होती, त्यांचाबी आवाज न्हाई.

काहीच न्हाई.

मग टीव्हीतून आलं...

फूऽऽऽ.

कॅसेटीतली धूळ उडवाय फुंकर मारावी, तसं.

"स्पीकर गेला वाटतं," रोहिणी म्हणली.

फूऽऽऽ.

पाशाचं तोंड उतरलं. "चाचाच्या गेमला दुसऱ्या रिमोटात बारका माईक होता," तो हळूच म्हणला. "पोरं त्यात अशीच फुंकायची. टीव्हीतून आवाज यायचा. अभी, ह्याचा दुसरा रिमोट कुटं हाय?"

"जळाला," मी म्हणलो. "आत्ताच. होळीत."

मग टीव्हीतून बारक्या पोराचा आवाज आला. सर्दी झाल्यावानी... वला.

"आबड्याऽ... माझी पाळी."

अभिमन्यूला आबड्या म्हणणारं एकच पोरगं होतं गल्लीत. आमी तिघंबी वळखत होतो.

अभिमन्यूच्या हातनं रिमोट गळाला. त्यानं वायर उपसली. टीव्ही काळा झाला.

"आबड्या... सांग की बे. कुणी नेला?"

काळ्या टीव्हीतून.

रोहिणी माझ्यावर वरडली, "बंकटभावजी, बास करा की आता! हे काय खेळणं हाय का?"

मी हात जोडले.

आन अभिमन्यू गुडघ्यावर बसला.

"हारलो! बंकट, मी हारलो बे! गाढवावर बसतो, सम्दं सांगतो! ह्याला गप कर!"

गेम चालला होता. पैज त्यानं जिंकलीती. तरी हारलो म्हणत होता.

आवाज थांबला. भाईरची पोरं परत ऐकू आली.

पाशानं डबा उलटा केला, खालचा रंग नखानं खरवडला. आत पांढरं. त्यावर एक वितळलेला डाग.

"लोबानचा निखारा पडलता," पाशा म्हणला. "माझ्याच हातनं. चाचानं कानफडवलं होतं मला."

मग झाकण काढलं. दुसऱ्या रिमोटाची तुटकी टोकं चिकटपट्टीत गुंडाळलेली. आन टीव्हीला आवाज नेणारी तार... सुटून लोंबत होती. कुठंच जोडलेली नव्हती.

अभिमन्यू खाली बघून बोलला. पाळीवरून आदिनाथसंगं भांडण झालतं. रागानं ह्यानंच गेम नेला, कडब्यात दडवला. आळ घेणाराबी हाच. एवढ्या वर्षांनी कोण वळखतंय म्हणून आता रंग मारून भाईर काढला.

पाशा त्याच्यावर थुकला न्हाई, एवढंच.

धुळवडीला भर बाजारात गाढव निघालं. अभिमन्यू उलटा बसलेला, गळ्यात चपला. दोरी माझ्या हातात. लोकांना वाटत होतं बंकटनं मैदान मारलं. मला मातर हसू येत नव्हतं. जल्मात पहिल्यांदा.

जानकीबाईच्या दारात गाढव थांबलं. ओढलं, ढकललं, काड्या टोचल्या. हालंना.

म्हातारी भाईर आली.

"माय," अभिमन्यू म्हणला, "गेम मी चोरला. आदिनाथ चोर नव्हता."

ती रडली न्हाई. शिव्या दिल्या न्हाईत. त्याच्याकडं लई येळ बघितलं.

"हे दारात सांगतूस व्हय?" ती म्हणली. "मारलं तर चौकात होतं."

माझ्या हातातली दोरी तिनं घेतली. गाढव गपगुमान तिच्या मागं चाललं.

मी पाठीमागं होतो. म्हातारी डाव्या अंगाला मान करून बारीक आवाजात बोलत होती. "दमानं रं. पळू नगंस."

तिच्या डाव्या अंगाला कुणीच नव्हतं.

पर एवढी गर्दी, एवढी रेटारेटी... तेवढी एका पोराची जागा मोकळी होती. माणसं त्या जागेपसून आपोआप बाजूला व्हत होती. का व्हत होती, त्यांनाबी ठावं नसंल. मी अजून त्या रस्त्यानं डाव्या कडंनं जात न्हाई.

लिंबाखाली तिनं दोरी बांधली.

"बोल."

"चोर मी हाय," अभिमन्यू म्हणला.

"मोठ्यानं."

"चोर मी हाय! आदिनाथ न्हाई!"

म्हातारीनं त्या मोकळ्या जागेकडं वाकून विचारलं, "आलं का रं ऐकू?"

थोडा येळ थांबली. कान देऊन.

मग सरळ झाली.

"न्हाई म्हणतोय," ती अभिमन्यूला म्हणली. "परत बोल."