तलवार कोणत्या हातात

आमच्या प्रकाशकाकडे एक कादंबरीमाला आहे आणि तिच्यात एक तलवारबाज बाई आहे. राजवाड्यातून हाकललेली, एकटी भटकणारी, आणि हात असा सफाईचा की समोरच्याला आपण मेलो हे कळायलाही वेळ लागतो. पुस्तकात तिला भारदस्त नाव आहे, पण कचेरीत सगळे तिला तलवारवालीच म्हणतात. तिची मुखपृष्ठं मी काढतो. आणि मुखपृष्ठावरची तलवारवाली म्हणजे माझी ताई.

ताईचं शिवणकामाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी जातो, ती पडद्याचं कापड खांद्यावर टाकते, मापाची लाकडी पट्टी उपसते आणि टेबलाशी उभी राहते. वाचकांना जो चेहरा करारी वाटतो, तो खरं तर मला दटावत असतो, की लवकर आटप, मला बाह्या जोडायच्यात.

गेलं वर्षभर ती मधूनच कुशीत हात दाबून खाली बसायची. खड्यांमुळे उजवी किडनी पार निकामी झाली होती. ती काढून टाकायची, दुसरी ठणठणीत आहे, एका किडनीवर माणूस आरामात जगतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. ताई तिला भाडेकरू म्हणायची. काम करत नाही आणि जागाही सोडत नाही.

तेवढ्यात तलवारवालीचा नवा भाग आला आणि मांडणी करणाऱ्याने माझं चित्र उलटवलं. यात नवल काही नव्हतं. पुस्तकाचं नाव हव्या त्या बाजूला बसत नसलं, की चित्र आरशात दिसतं तसं फिरवायचं, हा आमच्या धंद्यातला रोजचा उद्योग. मुखपृष्ठांवरच्या निम्म्या माणसांची बटणं भलत्याच बाजूला असतात आणि कुणाचं काही अडत नाही. यावेळी तलवार उजव्या हातातून डाव्या हातात गेली आणि उजव्या डोळ्याखालचा तीळ डाव्या डोळ्याखाली. मी कुरकुर केली, त्याने चहा पाजला, विषय संपला.

छापील प्रत घेऊन मी दुकानात गेलो. ताईने हात पुसून पुस्तक घेतलं, निरखून पाहिलं, बरी दिसतेय म्हणाली आणि पुन्हा कापडावर खडूने रेघा मारायला लागली. डाव्या हाताने.

उजवा हात दुखावला असेल, असं मला वाटलं. पार्सलची दोरी कापायला मी तिची कात्री उचलली. वर्षानुवर्षं मी ती न विचारता वापरत आलोय. पण दोरी कापली जाईना, पात्यांमध्ये नुसती दुमडत राहिली. कात्री डावखुऱ्या माणसाची होती. अंगठ्याचं कडं आतून झिजून गुळगुळीत झालेलं. अशी कात्री एका दिवसात झिजत नाही.

"माझ्या कात्रीला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला," ताई म्हणाली. "तुला जमत नाही ती."

तू डावखुरी कधीपासून, असं मी विचारलं. ती हसायलाच लागली. मी भिंतीवर लावलेली जुनी मुखपृष्ठं दाखवली. सगळ्यांत तलवार उजव्या हातात होती. त्यावरही तिच्याकडे उत्तर तयार होतं.

"तुझी ती बाई उजव्या हाताची. म्हणून पट्टी उजव्या हातात धरून धरून माझा खांदा भरून यायचा. आणि तीळसुद्धा तू उलट्या बाजूला काढतोस. मला वाटलं, लोकांनी ओळखू नये म्हणून मुद्दाम करत असशील."

तीळ तिच्या डाव्या डोळ्याखाली होता. हा चेहरा मी झोपेतही काढू शकेन अशी माझी घमेंड होती. तिथेच उभ्या उभ्या डोळे मिटून पाहिले, तर तीळ मनात कुठल्याच बाजूला ठरेना.

भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, लग्न झाल्यापासून जेवताना हिचं डावं कोपर खातोय. आईला विचारलं. शाळेत छड्या खाल्ल्या पण पोरीने हात बदलला नाही, हे तिने मला असं सांगितलं, जणू मी त्या घरात वाढलोच नव्हतो. दोघंही गंभीर होते. माझी चेष्टा करायची तर आईला हसू आवरत नाही.

मग मला किडनी आठवली. भाडेकरू कुठल्या बाजूला आहे, मी ताईला विचारलं. डावीकडे, ती म्हणाली. तपासणीच्या फिल्मवरही डावीच खराब होती. मी हट्ट धरला, डोकं खाल्लं, तेव्हा माझं तोंड बंद करायला तिने पुन्हा तपासणी करून घेतली. तीच बाजू. सगळं एकमेकांशी तंतोतंत जुळत होतं, फक्त मी जुळत नव्हतो. माझंच डोकं फिरलं असावं, असं मी ठरवून टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्याने बरंही वाटलं. ताई सुखरूप राहणार असेल तर मी वेडा ठरायला तयार होतो.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कादंबरीच्या लेखिका परगावाहून परतल्या, त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि भडकल्या. तलवारवाली पहिल्या पानापासून उजव्या हाताने लढते. नव्या आवृत्तीत चित्र सुलट झालंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

मी मांडणीवाल्याकडे धावलो. ताईचं ऑपरेशन होईपर्यंत छापू नका म्हटलं. कव्हरचा आणि ऑपरेशनचा काय संबंध, त्याने विचारलं. मी नुसते हात जोडले. पण माणूस भला आहे, माझा चेहरा पाहून बरं म्हणाला.

ऑपरेशनच्या सकाळी ताईला आत नेलं. जाताना तिने डावा हात हलवला. भाऊजी आणि मी बाहेर बाकावर बसलो. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, त्याचा वास नाकात बसला होता.

थोड्या वेळाने मांडणीवाल्याचा फोन आला. आवाज खुशीत होता. छापखान्यातलं मशीन अचानक मोकळं झालं म्हणून त्यांनी आपणहून कव्हर चढवलं होतं. "चित्र सुलट आलंय हो. प्रती सुटायला लागल्यासुद्धा. रंग तर झकास लागलेत."

मशीन थांबवा, मी म्हणालो. मागच्या घडघडाटात त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मी उठून दारावरच्या नर्सला गाठलं आणि माझ्या बहिणीची बाजू पुन्हा बघा म्हणालो. तिला माझी दया आली असावी. डॉक्टरांनी स्वतः कातडीवर शाईने खूण केलीय, चूक व्हायचा प्रश्नच नाही, बसा, पाणी प्या, असं ती म्हणाली. भाऊजींनी दंडाला धरून मला बाकावर बसवलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. डावी किडनी काढली होती. "वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगली दिसत होती," ते म्हणाले. "तपासायला पाठवलीय."

भाऊजींनी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले.

ताईला खोलीत आणलं. तिची बट चेहऱ्यावर आली होती, ती मी बाजूला केली.

तीळ उजव्या डोळ्याखाली होता.

मी भाऊजींना दाखवला. "असं काय करतोस," ते म्हणाले, "तिथेच तर असतो."

ताई शुद्धीवर आली. जखमेवरची पट्टी डाव्या कुशीला होती. तिने गुंगीतच उजवा हात उजव्या कुशीवर नेला आणि दाबून धरला.

"कळ अजून आहे रे," ती म्हणाली. "काढली ना?"

काढली, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

नर्स आली. तिने सलाइन पाहिलं, नाडी पाहिली, मग पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी पाहायला वाकली. नळी कुठे दुमडली आहे का, ते तिने बोटांनी चाचपलं. कुठेच दुमडली नव्हती. केव्हापासून अशी आहे, तिने हळूच विचारलं.

पिशवी कोरडी ठणठणीत होती.