पहाटे चार दहाचा फोटो

रंजीता आत्राम दिव्यानीच्या चंद्रपूरच्या ऑफिसात आली ती गाइडच्या ड्रेसमध्येच. गळ्यात कार्ड मात्र नव्हतं.

"साहेबानं जमा करून घेतलं. आज अडीचच्या सफारीपर्यंत खरंखोटं नाई झालं, तर यादीतून नाव कटते माझं."

दिव्यानी खासगी गुप्तहेर. तिचा जोडीदार डोमाभाऊ, रिटायर्ड हवालदार. तपासाआधीच निकाल लावायची त्याची जुनी खोड.

प्रकरण असं होतं. व्याघ्रप्रकल्पाच्या सावरटोला गेटच्या ऑफिसात निनावी मेल आला होता, सोबत एक फोटो. रंजीता मोहाच्या झाडाखाली उभी, मागे काळाकुट्ट अंधार. फाइलमधली वेळ पहाटे चार दहा. वाघामुळे उजाडायच्या आत मोहाची फुलं वेचायला सक्त मनाई. ती गाइडनेच मोडली म्हटल्यावर संपलंच.

फोटो आपलाच, पण सकाळी नऊचा, असं रंजीताचं म्हणणं. त्या ढगाळ सकाळी हेमराज आणि अंकुश या दोन फोटोग्राफरांनी तिला उभं करून फ्लॅशने पुष्कळ फोटो काढले होते. हा कोणाचा, ते तिला सांगता येईना.

"नऊ वाजता एवढा अंधार? मले नाई पटत," डोमाभाऊ म्हणाला.

दिव्यानीने फोटो मोठा केला. "खाली काय दिसते, भाऊ?"

"काईच नाई. साफ जमीन."

"अन् टोपल्यात?"

"मोह. काठोकाठ."

फाइलमधला शटरचा आकडा तिने वहीत उतरवला: सेकंदाचा चार हजारावा भाग.

गेटवर आधी हेमराज भेटला. गाइडच्या वेटिंग लिस्टवर पहिलं नाव त्याच्या बायकोचं, निशाचं. डोमाभाऊने लगेच दिव्यानीला कोपर मारलं. हेमराजचा फ्लॅश जुना, चिकटपट्टी लावलेला. शटरचा वेग सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या वर नेला की फोटोत काळा पट्टा येतो, म्हणून आपण नेतच नाही, असं तो म्हणाला.

मागे सफारीत अंकुश जिप्सीतून खाली उतरला म्हणून रंजीताने त्याची तक्रार केली होती; महिनाभर त्याला गेट बंद होतं. तो मात्र हसला. "तिचं कामच हाय ते." मग नवा फ्लॅश पुढे केला. "शटर कितीबी ठेवा, हा मागं राहत नाई."

दोन वाजता साहेबांसमोर सगळे जमले.

"हेमराजच हाय," डोमाभाऊ कुजबुजला.

"मोह रात्रभर गळते," दिव्यानीने सुरुवात केली. "पहाटे चारला झाडाखाली सडा पाहिजे. इथं जमीन साफ अन् टोपलं भरलेलं. म्हणजे वेचून झाल्यावरचा फोटो. उजाडल्यानंतरचा."

"मग अंधार?" साहेबांनी विचारलं.

"शटर इतकं झटकन मिटलं की ढगाळ दिवसाचा उजेड आत मावलाच नाई. फ्लॅश जवळ होता, म्हणून रंजीता तेवढी उजळली. अन् घड्याळ तर कॅमेऱ्यात कोणीबी फिरवते."

तिने हेमराजचाच कॅमेरा आणि फ्लॅश घेतला, शटर चार हजारावर नेलं आणि डोमाभाऊचा फोटो काढला. स्क्रीनवर त्याची थोडीशी मिशी उजळली, बाकी सगळं काळं.

"एवढ्या वेगात शटर पूर्ण उघडत नाई. नुसती फट सरकत जाते. साधा फ्लॅश एकदाच लखलखते, म्हणून एवढाच तुकडा दिसते. अंकुशचा फ्लॅश फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राह्यते, तवाच अख्खा फोटो उजळते. त्या सकाळी असा फ्लॅश एकाकडेच होता."

हेमराजने आपला कॅमेरा हळूच परत घेतला.

"काऊन केलं रे?" रंजीताने अंकुशला विचारलं.

"महिनाभर गेटाबाहेर उभं केलं तू मले," तो म्हणाला. "वाटलं, तूबी उभी राहून पाह्य."

साहेबांनी रंजीताविरुद्धच्या तक्रारीवर आडवी रेघ मारली आणि ड्रॉवर उघडला. अडीचला पाच मिनिटं होती. रंजीता आभार मानायलाही थांबली नाही. कार्ड गळ्यात घालत धावली.

जिप्सीत मागच्या सीटवरचा पाहुणा कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवत होता.

"भाऊ, जंगलात फ्लॅश चालत नाई, तो बॅगेत ठेवा," रंजीता म्हणाली. "मंगच गाडी निघन."

त्याने मुकाट्याने ठेवला.