हेडसर गप्प झाले

आमच्या मागच्या अंगणात सिमेंटचं छोटं तळं होतं आणि त्यात माझे तीन बेडूक. भिंतीपाशी खोकला, मधे कमळाजवळ गॅरेज, आणि पायरीला खेटून हेडसर. आवाजावरून नावं ठेवलीत; ऐकलंत तर तुम्हीही हीच ठेवाल! आई नर्स. दुपारपाळीला रात्री दहाला येते. नव्या शाळेत अजून कुणी मला शेजारी बसवून घेत नाही. पण वक्तृत्वात पहिली आले मी! भाषण पाठ केलं ते पायरीवर बसून, या तिघांसमोर.

बेडकांचं एक असतं. कुणी चालत आलं की जवळचा आधी गप्प होतो. येणारा एका जागी बसला, की दहा मिनिटांत पुन्हा सुरू.

गेल्या महिन्यापासून साडेपाचला, मी अजिबात न हलता बसलेली असताना, आधी खोकला गप्प व्हायचा. मग गॅरेज. मग हेडसर. भिंतीकडून पायरीकडे, अगदी चालीच्या वेगाने. अंगणात कुणीच नसायचं. दहा मिनिटांनी तिघंही सुरू.

घाबरले? छे! आयता श्रोता सोडते होय मी! "लाजू नका, बसा," म्हणाले आणि अख्खं भाषण ठोकलं. मग रोजच.

"उद्या गवंडी येतोय तळं बुजवायला," आई म्हणाली. "डास बघ किती झालेत!"

"बेडूक डास खातात गं आई!"

"मग तुझे उपास करतायत वाटतं."

सकाळी शाळेआधी तिघांना पकडलं. रविवारी ओढ्यात सोडायचे, तोवर घरात. खोकला मागच्या दाराशी बादलीत, गॅरेज पॅसेजमधल्या टबात, हेडसर माझ्या टेबलाशेजारी घमेल्यात. वर जाळ्या.

शाळेतून आले तर अंगण सपाट. आई ड्यूटीवर. मागच्या दाराला कडी घातली. घरात मात्र नुसता कल्ला! एकटी असून मी खो खो हसले.

साडेपाचला खोकला गप्प झाला.

खुर्चीतून मला मागचं दार दिसतं. कडी जागच्या जागी होती.

मग गॅरेज.

पावलं वाजली नाहीत.

मग हेडसर.

मी हलले नाही. भाषणाची पहिली ओळसुद्धा आठवेना. समोर घड्याळाचा काटा सरकत राहिला.

पाच चाळीसला हेडसर हळूच बोलले. मग गॅरेज. मग खोकला.

म्हणजे आलेलं बसलं होतं. ऐकायला.